वर्तमानपत्रासाठी बनलेला टाइम्स न्यू रोमन न्यूजप्रिंटवरच किरटा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा: एका महाविद्यालयाचे इंग्रजी पाक्षिक आहे. टॅब्लॉइड आकार, पाच कॉलम, न्यूजप्रिंटवर वेब ऑफसेटची, म्हणजे कागदाच्या रिळावर सलग होणारी, छपाई. मजकुराला टाइम्स न्यू रोमन, ९ पॉइंट. "हा टाइप मुळात वर्तमानपत्रासाठीच बनवला असे सगळीकडे वाचले. मग आमच्या पानावर तो इतका पुसट आणि किरटा का दिसतो? प्रेसवाले म्हणतात फाइल तपासा, पान लावणारा म्हणतो शाई कमी पडली. बदलायचा तर कोणता सेरिफ घ्यावा?" सोबत पानाचा जवळून काढलेला फोटो आहे. (सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघांच्या टोकांना असलेले छोटे पाय, आणि ते असलेल्या टाइपालाही सेरिफच म्हणतात.)

फोटो मोठा करून पाहिला. अक्षरांच्या कडांना निळी-गुलाबी झालर नाही, म्हणजे मजकूर एकट्या काळ्या प्लेटवरच आहे. वर्डमधून आलेला काळा रंग चार रंगांत फुटण्याचा नेहमीचा घोळ इथे झालेला नाही. शाईही हवी तेवढी आहे. मथळे आणि चित्रांतले काळे भाग चांगले भरलेत. तरीही पहिल्याच परिच्छेदात छोट्या लिपीतल्या (लोअरकेस) 'ई'ची (e) मधली आडवी रेघ ठिकठिकाणी तुटून त्याचा 'सी' झालाय, आणि 'एन'ची कमान दांड्याला जिथे चिकटते तिथे ती गायबच आहे. जाड दांडे शाबूत आणि बारीक रेघा गेलेल्या, हे लक्षण टाइपाच्या निवडीचे. तेव्हा प्रेसवाल्यांशी भांडू नका, पान लावणाऱ्यालाही बोल लावू नका.

टाइम्स न्यू रोमनविषयी तुम्ही वाचलेत ते खरे, पण अर्धे. धातूच्या खिळ्यांच्या काळात कागदावरचे अक्षर दोघे मिळून घडवत: निम्मे कोरणारा, निम्मे छपाईयंत्र. शाई लावलेला खिळा कागदावर दाबला गेला की शाई कडेने बाहेर सरकते आणि रेघ कोरली होती त्यापेक्षा जाड उमटते. टाइप आखणारे ही जाडी हिशेबात धरूनच रेघा बारीक ठेवत. पुढे लेटरप्रेस, म्हणजे खिळे दाबून छापण्याची ही पद्धत, गेला, त्याच्याबरोबर दाबही गेला, आणि आपल्या संगणकात उरले ते फक्त आखणाऱ्याचे निम्मे. वर्तमानपत्री सेरिफ कसा ओळखायचा याचे उत्तर इथेच आहे: यंत्र अक्षराचे काय करणार हे धरून तो आखलेला असतो. कोणते यंत्र, हे मात्र दर पिढीला बदलत गेले, म्हणून जरा मागे जावे लागेल.

लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या छापखान्यात पहिल्यांदा कामाला लागले. चालक कळा दाबत जाई, अक्षरांचे पितळी साचे एका ओळीत येऊन बसत, त्यांच्यावर वितळलेले शिसे ओतले जाई आणि अख्ख्या ओळीचा एकसंध तुकडा बाहेर पडे. या ओळी रचून पान बांधले जाई. पण मोठ्या दैनिकात छपाई थेट त्या पानावरून होत नसे. त्याच्यावर कागदी लगद्याचा ओलसर तक्ता, ज्याला फ्लाँग म्हणत, प्रचंड दाबाने बसवून ठसा घेत. तो वाळवून अर्धगोल वाकवायचा, त्यात पुन्हा धातू ओतायचा आणि तयार झालेली कमानदार स्टिरिओ प्लेट रोटरीच्या सिलिंडरवर चढवायची. मग ती धडाधड फिरणार. खाली कागद लाकडाच्या लगद्याचा, खरबरीत. शाई पातळ तेलाची, जी सुकत नाही, कागदात जिरते.

यातल्या प्रत्येक पायरीवर अक्षराला काही ना काही सोसावे लागे. फ्लाँग वाळताना आटे, म्हणजे पानाबरोबर अक्षरही आकसे. लगद्यात बारीक रेघ नीट उतरत नसे. रोटरीवर शाई पसरून अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या बुजत. आणि एकोणिसाव्या शतकातली वर्तमानपत्रे वापरत होती ती बोडोनी-दिदोच्या घराण्यातली वळणे: दांडा जाडजूड, आडव्या रेघा केसासारख्या, सेरिफही तसेच. रोटरीवर हे केस आधी झिजत, मग तुटत.

छोट्या लिपीतला 'ई' भिंगाखाली पाहिला की सगळा झगडा एका अक्षरात दिसतो. इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे अक्षर तेच. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात एक बंद डोळा, डोळ्याखाली एक आडवी रेघ, आणि त्याखाली उजवीकडे उघडे तोंड. तुमच्या ९ पॉइंट टाइम्समध्ये छोट्या लिपीची उंची साधारण १.४ मिलिमीटर भरते. त्यातला वरचा अर्धा भाग डोळ्याचा, आणि ती आडवी रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. शाई जास्त झाली की डोळा बुजून काळा ठिपका होतो. शाई कमी पडली किंवा (ऑफसेटच्या प्लेटला शाईबरोबर लागणारे) पाणी वाढले की रेघ तुटून 'सी' होतो. दोन्ही बाजूंनी संकट, आणि वाचवायला हातात जागा किती, तर मिलिमीटरचे अंश. डोळा मोठा करायचा तर छोट्या लिपीची उंची वाढवावी लागते. रेघ जाड करायची तर दांडा आणि रेघ यांतला फरक कमी करावा लागतो. तोंड मोकळे ठेवायचे तर अक्षर थोडे रुंद घ्यावे लागते. वर्तमानपत्री सेरिफची जी तीन लक्षणे पुस्तकांत यादी करून देतात ती या एका 'ई'च्या गरजेतून निघालेली आहेत.

ही गरज पद्धतशीरपणे हाताळली ती मर्गनथेलर लायनोटाइप कंपनीतल्या चॉन्सी ग्रिफिथ या माणसाने. टाइम्सच्या झगमगाटात हे नाव झाकले गेले, पण अमेरिकन वर्तमानपत्राच्या मजकुराचा चेहरा त्यानेच ठरवला असे म्हटले तरी चालेल. १९२५-२६ च्या सुमारास त्याच्या हाताखाली 'आयोनिक नंबर ५' तयार झाला. 'न्यूअर्क ईव्हनिंग न्यूज'ने १९२६ मध्ये तो पहिल्यांदा वापरला आणि बाकीची दैनिके पाठोपाठ आली. मूळ वळण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्लॅरेंडन-आयोनिक घराण्याचे, ज्यात सेरिफ ठोस असतात आणि बारीक रेघ फारशी बारीक नसते. ग्रिफिथने छोट्या लिपीची उंची वाढवली, पोकळ्या उघडल्या, रेघांतला फरक उतरवला. सौंदर्यस्पर्धेत हा टाइप पहिल्या फेरीतच बाद होईल. पण सकाळी ट्राममध्ये हेलकावे खात वाचणाऱ्याला तो वाचता येई, आणि त्याचे काम तेवढेच होते.

ग्रिफिथ तिथे थांबला नाही. १९३१ च्या 'एक्सेल्सियर'आधी त्याने नेत्रतपासनिसांची मते पडताळून पाहिली. १९३५ च्या सुमारास 'ऑप्टिकॉन' आणि 'पॅरागॉन' आले. ऑप्टिकॉन म्हणजे जवळजवळ एक्सेल्सियरच, फक्त दांडे किंचित जाड, घोटीव कागदासाठी. ही गोष्ट ध्यानात ठेवा: कागद बदलला की तोच टाइप वेगळ्या जाडीत द्यायचा, ही कल्पना साठेक वर्षांनी नव्या नावाने परत आली, पुढे सांगते. १९४१ मध्ये 'कोरोना' आला. कापड आटणार हे धरून शिंपी जसे माप ठेवतो तसा हा टाइप फ्लाँग आटण्याचा हिशेब धरून बेतला होता. जागा कमी खाई आणि आकाराने मोठा वाटे. या सगळ्या कुटुंबाला कंपनीने 'लेजिबिलिटी ग्रुप' असे नाव देऊन विकले.

लायनोटाइपची एक मर्यादाही या टाइपांच्या चेहऱ्यावर कायमची उमटली आहे. एकाच पितळी साच्यावर दोन अक्षरे कोरलेली असत, एक साधे आणि एक ठळक किंवा तिरपे. दोघांची रुंदी सारखीच ठेवणे भाग होते. त्यामुळे तिरपी अक्षरे उगाच ऐसपैस पसरलेली दिसतात. शिवाय कुठलेही अक्षर शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकत नसे, म्हणून 'एफ'चे वरचे वळण आखूड, मान आवळल्यासारखे. जुन्या अमेरिकन दैनिकाच्या कात्रणात असा अवघडलेला 'एफ' दिसला की मजकूर लायनोटाइपचा, असे बिनदिक्कत समजावे.

याच ग्रिफिथच्या काळात, १९३० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या हरी गोविल यांनी मर्गनथेलर कंपनीबरोबर देवनागरी लायनोटाइप उभा केला. तिथे सेरिफचा प्रश्नच नव्हता. यंत्राच्या मुख्य पेटीत कप्पे ९०, आणि आपली जोडाक्षरे, काने-मात्रा, रफार हे सगळे त्यात बसवायचे होते. अक्षरे फोडून एका ओळीत ओवली गेली, आणि शिरोरेषा जोडून घेणे ही कायमची डोकेदुखी झाली. तो स्वतंत्र विषय आहे.

आता टाइम्स. १९२९ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन या मोनोटाइप कंपनीच्या टाइप-सल्लागाराने लंडनच्या 'द टाइम्स'च्या छपाईवर तोंडसुख घेतले, आणि दैनिकाने ते काम त्याच्यावरच सोपवले. रेखाटने केली दैनिकाच्या जाहिरात विभागातल्या व्हिक्टर लार्डेंटने. आधार होता सोळाव्या शतकातल्या प्लॅन्टिन या मुद्रकाच्या छापखान्याशी नाते सांगणाऱ्या वळणाचा. ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकात नवा टाइप आला, त्याच दिवशी मुखपृष्ठावरचे जुने गॉथिक शीर्षकही जाऊन साधी रोमन अक्षरे आली. (टाइपाचा खरा जनक कोण यावर नंतर वाद झाले. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.)

मॉरिसनची अडचण ग्रिफिथहून वेगळी होती. टाइम्सचा कागद त्या काळच्या दैनिकांच्या मानाने चांगला, छपाई काळजीपूर्वक. त्याला हवा होता अरुंद कॉलमात भरपूर शब्द मावतील, शिवाय भारदस्त दिसेल असा टाइप. म्हणून टाइम्स न्यू रोमन रुंदीला आवळलेला आहे, सेरिफ टोकदार आहेत, जाड-बारीक रेघांतला फरकही बराच आहे. वर दिलेल्या तीन लक्षणांशी ताडून पाहा. छोट्या लिपीची उंची बऱ्यापैकी आहे, बाकी दोन्ही बाबतींत तो ग्रिफिथच्या उलट दिशेला जातो. अमेरिकेतल्या दैनिकांनी, काही अपवाद वगळता, मजकुरासाठी तो घेतला नाही, कारण त्यांचा कागद आणि त्यांचा वेग त्याला झेपणारा नव्हता. वर्षभराने तो सर्वांसाठी विक्रीला आला आणि त्याने नाव काढले ते पुस्तकांत, मासिकांत, अहवालांत. माझे स्पष्ट मत आहे की टाइम्स न्यू रोमन हा वर्तमानपत्राच्या घरी जन्मलेला, पण पुस्तकांच्या घरी नांदलेला टाइप आहे. खुद्द 'द टाइम्स'ने १९७२ मध्ये तो सोडून वॉल्टर ट्रेसीचा, जास्त मोकळा आणि दणकट 'टाइम्स युरोपा' घेतला, आणि त्यानंतरही त्या दैनिकाने टाइप अनेकदा बदलले. आज तो घराघरात आहे याचे श्रेय १९९२ च्या विंडोज ३.१ ला आणि २००७ पर्यंत वर्डमध्ये तो न मागता मिळत होता याला.

धातूकडून फिल्मकडे आणि लेटरप्रेसकडून ऑफसेटकडे जाताना जे हरवले ते फार कमी लोकांच्या लक्षात आले. ऑफसेटमध्ये प्लेटवरची प्रतिमा रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. खिळा रुततो तसे काहीच रुतत नाही. पूर्वी फुकट मिळणारी जाडी बंद झाली. अनेक जुने टाइप नव्या यंत्रणेत आणताना छापलेल्या अक्षरावरून न आणता मूळ रेखाटनावरून आणले गेले, म्हणजे सडपातळच आले. दुसरे, धातूच्या काळात ६ पॉइंटचा खिळा आणि १२ पॉइंटचा खिळा वेगवेगळे आखले जात. लहान मापाला रेघा तुलनेने जाड, अक्षर रुंद, मधली जागा सैल. फोटोटाइपसेटिंगने, म्हणजे फिल्मवर अक्षरे उमटवण्याच्या पद्धतीने, एकच रेखाटन लहानमोठे करायला सुरुवात केली आणि आपल्या संगणकातला टाइम्स तसाच चालतो. ९ पॉइंटला तुम्ही वापरता तो जाहिरातीच्या ओळीसाठी मोठा करून वापराल तोच.

त्यात न्यूजप्रिंटची भर. साधारण ४५ ग्रॅमचा कागद, पांढरा म्हणायचा पण राखाडीच. त्याच्यावर काळ्या शाईची घनता सुमारे १.१ पर्यंत जाते, आर्टपेपरवर ती याहून बरीच वर असते. कागद करडा, काळा रंगही पुरता काळा नाही, अशा ठिकाणी बारीक रेघ छापली गेली तरी डोळ्याला जाणवत नाही. "पण न्यूजप्रिंटवर तर शाई पसरते ना?" पसरते, आणि छटा बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या बाबतीत भरपूर पसरते. आयएसओ १२६४७-३ या वर्तमानपत्री छपाईच्या मानकात ही वाढ २६ टक्के धरलेली आहे, म्हणजे ५० टक्क्यांची छटा कागदावर ७६ च्या घरात दिसणार. त्यामुळे रंगीत चौकटीत छटेवर मजकूर टाकताना हात आखडता घ्यावा, पडद्यावर फिकट वाटलेली चौकट छापून येताना अक्षरे गिळते. पण पोकळी बुजवणारी शाई तुटलेली रेघ जोडेलच असे नाही. पाणी-शाईचा तोल किंचित ढळला की बारीक रेघ आधी जाते. ऑफसेटच्या न्यूजप्रिंटवर अक्षराला दोन्ही शत्रूंपासून जपावे लागते.

ऑफसेटला धरून नव्याने विचार केला तो नेदरलँड्सच्या गेरार्ड उंगरने. त्याच्या आधी मॅथ्यू कार्टरचा 'ऑलिम्पियन' १९७० मध्ये आला होता, आणि हेर्मान झाफचा 'मेलिओर' तर १९५२ चा. दोन्ही चांगले, पण उंगरचे वेगळेपण असे की ऑफसेट तीक्ष्ण कोपरे धरू शकते हे त्याने हेरले. १९८० च्या दशकातला त्याचा 'स्विफ्ट' पाहा: सेरिफ मोठे, पाचरीसारखे, जवळजवळ आडवे, कोपरे कापल्यासारखे धारदार. छापताना हे कोपरे थोडे बोथट होतात आणि उरते ते नेमके हवे तेवढे. आडवे सेरिफ एकमेकांच्या रेषेत येऊन ओळ बांधून ठेवतात, त्यामुळे अक्षरांच्या पोटातली पोकळी मोठी ठेवूनही ओळ विस्कटत नाही. १९९३ च्या 'गल्लिव्हर'मध्ये तो आणखी पुढे गेला. छोट्या लिपीची उंची इतकी वाढवली की लहान मापात लावलेला गल्लिव्हर इतर टाइपांच्या एक माप वरच्या बरोबरीने दिसतो. 'यूएसए टुडे'ने २००० मध्ये तो घेतला. न्यूजप्रिंट रिळाच्या वजनावर विकत घ्यावा लागतो. वाचकाला न कळता माप उतरवता आले तर पैसा वाचतो, आणि संपादकापेक्षा व्यवस्थापक जास्त खूश होतो.

ऑप्टिकॉनची कल्पना परत आली म्हटले ती इथे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉइंटर इन्स्टिट्यूट या पत्रकारितेच्या संस्थेसाठी फॉण्ट ब्युरो या टाइप-कंपनीने केलेले टाइप आणि हॉफलर या टाइपकारांकडचा 'मर्क्युरी टेक्स्ट' यांच्यात 'ग्रेड' दिल्या गेल्या. एकाच टाइपाची तीन-चार रूपे, काळेपणात अगदी थोडा फरक, पण प्रत्येक अक्षराची रुंदी सर्व रूपांत तंतोतंत तीच. ठळक वजन घेतले की अक्षरे रुंद होतात, ओळी तुटतात, मजकूर वाहून दुसऱ्या कॉलमात जातो. ग्रेड बदलली तर एकही ओळ हलत नाही. ज्या दैनिकाची तीच पाने चार गावांच्या चार यंत्रांवर जातात त्याला याची किंमत कळते: एका ठिकाणची छपाई भरभक्कम, दुसऱ्या ठिकाणची फिकी, तर पान पुन्हा न लावता फिक्या छपाईला एक ग्रेड काळी पाठवायची. गेल्या तीसेक वर्षांत वर्तमानपत्री टाइपात जी खरी भर पडली ती ही, बाकी पुष्कळसे वळणाचे फेरफार आहेत. तेही टाकाऊ नाहीत. 'द गार्डियन'साठी ख्रिश्चन श्वार्ट्झ आणि पॉल बार्न्स यांनी २००५ मध्ये केलेला 'गार्डियन इजिप्शियन' मला मनापासून आवडतो, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चा मजकूर १९६७ पासून एडविन शारच्या 'इंपीरियल'मध्ये निमूट छापला जातोय याचेही कौतुक वाटते. पण तुमच्या पाक्षिकाला या दोहोंचा उपयोग नाही.

आता तुमचे पान. पहिला सल्ला नकाराचा. कोणी तरी सांगेल की टाइम्सलाच इनडिझाइन या पान लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये ०.१ पॉइंटचा स्ट्रोक, म्हणजे अक्षराच्या कडेने बारीक रेघ, द्या. देऊ नका. स्ट्रोक जाड दांड्यालाही तेवढाच वाढवतो, जिथे गरज नाही. अक्षराच्या पोटातली पोकळी दोन्हीकडून खातो, आणि अक्षरांमधली जागा न वाढल्याने 'आर' आणि 'एन' चिकटून 'एम' वाचला जातो. बोल्ड वजनाचेही तेच, वर ओळी तुटतील ते वेगळे.

पैसे नसतील असे धरते. खुल्या परवान्यातला 'सोर्स सेरिफ ४' घ्या, पण त्यातले 'कॅप्शन' हे लहान मापाचे रेखाटन घ्या. नाव कॅप्शनचे असले तरी न्यूजप्रिंटवरच्या मजकुराला तेच चालते: रेघा जाड, अक्षरे रुंद, जागा सैल, म्हणजे धातूच्या काळात लहान मापाला जी वागणूक मिळे तीच. दुसरा पर्याय 'रोबोटो सेरिफ'. दिसायला जरा यंत्रवत, मला विशेष रुचत नाही, पण त्यात ग्रेडची सोय आहे आणि प्रेस बदलण्याची वेळ आली तर ती कामी येईल. पैसे असतील तर 'मर्क्युरी टेक्स्ट', 'मिलर डेली' किंवा 'स्विफ्ट', परवान्यात छापील नियतकालिकाची मुभा आहे ना हे वाचून. एक्सेल्सियर आणि कोरोना संगणकावर मिळतात, पण ते लेटरप्रेससाठी आखलेले आहेत हे विसरू नका. छापून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

टाइप बदलला की कॉलमही बदलावे लागतील, आणि इथे बहुतेक जण अडखळतात. तुमच्या पानाची छपाईची रुंदी २५ सेंटिमीटरच्या आसपास धरली, कॉलमांमध्ये ४ मिलिमीटर सोडले, तर पाच कॉलमांत प्रत्येकाला सुमारे ४७ मिलिमीटर येतात. ९ पॉइंट टाइम्सची त्यात जेमतेम ३५ अक्षरे बसतात, तीही तो आवळलेला आहे म्हणून. रुंद अक्षरांचा टाइप तिथे लावला तर ओळीत ३० अक्षरे उरतील आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणजे शब्दांमध्ये भगदाडे पडणार. चार कॉलम करा. प्रत्येकी साडेएकोणसाठ मिलिमीटर मिळतात, ८.५ पॉइंटला ओळीत ४० च्या आसपास अक्षरे येतील. ८.५ ऐकून दचकू नका. छोट्या लिपीची उंची जास्त असल्याने डोळ्याला ते आजच्या ९ पेक्षा मोठेच दिसेल. ओळीतले अंतर १०.५ पॉइंट ठेवा. शब्द तोडण्याची सोय चालू ठेवा, भाषा ब्रिटिश इंग्रजी निवडा, म्हणजे शब्द भलत्याच ठिकाणी तुटणार नाहीत. थोडा मजकूर कमी मावेल. संपादकांना ते आवडणार नाही. लेख थोडे छाटा, पाक्षिकांतल्या लेखांना ते सहसा मानवतेच.

मथळ्यांना टाइम्स खुशाल ठेवा. २८-३६ पॉइंटला त्याची बारीक रेघ न्यूजप्रिंटवर व्यवस्थित टिकते आणि आवळलेपणाचा तिथे फायदाच होतो.

मराठी पुरवणी काढणार असाल तर हेच तर्क देवनागरीला लावा, फक्त 'ई'च्या जागी दुसरी अक्षरे बघा: 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक, 'क्ष'ची गाठ, 'ष्ट'च्या खालची दाटी, आणि शिरोरेषेवर बसणारा अनुस्वार सुटा राहतो की रेषेत मिसळतो. माप इंग्रजीपेक्षा चांगले दोन-तीन पॉइंट वर लागेल.

आणि काहीही निवडले तरी लेझर प्रिंटआउटवरून ठरवू नका. लेझरची पूड पसरत नाही, कागदही पांढराशुभ्र असतो. येत्या अंकाच्या शेवटच्या पानावर अर्ध्या कॉलमाची जागा मिळवा आणि तोच एक परिच्छेद चार प्रकारे छापा: आजचा टाइम्स, सोर्स सेरिफचे कॅप्शन ८.५ ला आणि ९ ला, आणि रोबोटो सेरिफची एक मधली ग्रेड. परिच्छेदात ३, ६, ८ हे आकडे, टक्केवारी, कंसातला तिरपा मजकूर आणि दोन-तीन लांब आडनावे असू द्या. यंत्र सुरू होताना निघणाऱ्या पहिल्या प्रती घेऊ नका, तेव्हा पाणी-शाईचा तोल बसलेला नसतो. मशीनमनला सांगून मधल्या गठ्ठ्यातल्या आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्या प्रती मागा, आणि शाई जिरायला एक रात्र द्या. मग आधी ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरून वाचा, नंतर भिंग लावून 'ई' तपासा. प्रत्येक नमुन्याखाली टाइपाचे नाव आणि माप छापायला विसरू नका. सोर्स सेरिफचे ८.५ आणि ९ कागदावर आले की कुठले कोणते ते मलाही नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही.